राखणदाराची भूक

इंग्लंडमधले एखादे कॅरव्हॅन-आवार नोव्हेंबरात पाहिले, तर पांढऱ्या घरांचे एक गाव झोपी गेल्यासारखे दिसते. तारेच्या कुंपणाआड ओळीने उभी असलेली चाकांवरची घरे, ओढलेले पडदे, छपरांच्या कडांना शेवाळाची हिरवी झाक. आत चिटपाखरू नाही. जागे असतात ते फक्त खिडक्यांमागे लुकलुकणारे तांबडे ठिपके, म्हणजे अलार्म चालू असल्याची खूण. त्याच आवारात जानेवारीत फेरी मारली, तर काही खिडक्यांमागचा ठिपका विझलेला असतो. तिथे चोर अजून फिरकलेला नसतो, पण राखणदार उपासमारीने गेलेला असतो.

कॅरव्हॅन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंटांचा काफिला येतो, नाहीतर आत पलंग-शेगडी बसवलेली मोठी व्हॅन. ब्रिटनमध्ये या शब्दाचा रोजचा अर्थ वेगळा आहे. इंजिन नसलेले, मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे घर म्हणजे कॅरव्हॅन. चौघांचे कुटुंब झोपेल अशा घराचे वजन साधारण बाराशे ते सोळाशे किलो भरते. आत स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, मोरी, संडास, सगळे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसे या कुटुंबांचे बिऱ्हाड गाडीच्या शेपटीला. पण हा विंचू वर्षातले थोडेच दिवस चालतो. मुलांच्या सुट्ट्या संपल्या, ऑक्टोबरचा पाऊस सुरू झाला, की बिऱ्हाड घरापुढच्या अंगणात किंवा भाड्याच्या आवारात उभे राहते ते थेट मार्चपर्यंत.

चोराला हाच काळ सोयीचा. त्यातून ब्रिटिश कायद्याची एक गंमत त्याच्या पथ्यावर पडते. तिथल्या ओढायच्या कॅरव्हॅनला मोटारीसारखा स्वतःचा नोंदणी क्रमांक नसतो. ज्या गाडीला ती जोडली असेल, तिच्याच क्रमांकाची पाटी मागे लावायची. म्हणजे कोणाची कॅरव्हॅन कोणाच्या गाडीमागे चालली आहे, हे रस्त्यावरच्या पोलिसाला पाटी पाहून कळायला मार्ग नाही. ही फट बुजवण्यासाठी १९९२ मध्ये तिथल्या कॅरव्हॅन उद्योगाच्या संघटनेने ‘क्रिस’ नावाची नोंदणी योजना सुरू केली. प्रत्येक नव्या कॅरव्हॅनला सतरा अंकाक्षरांची ओळख दिली गेली आणि ती खिडक्यांच्या काचांवर कोरली जाऊ लागली. कॅरव्हॅन उभ्या करायच्या आवारांचीही एक संघटना आहे. कुंपण, फाटक, पहारा, कॅमेरे पाहून ती आवारांना सोने, रुपे आणि कांसे अशी प्रतवारी देते. इतके सगळे करूनही शेवटी चोर येतो तो ओढणारी गाडी घेऊनच. हिचला, म्हणजे कॅरव्हॅनच्या पुढच्या जोडणीला, गाडी जोडायला सरावलेल्या हाताला फारसा वेळ लागत नाही.

म्हणून हिचला कुलूप, चाकाला शिकंजा आणि आत अलार्म. पहिल्या दोन वस्तू लोखंडाच्या आहेत. त्यांना खायला लागत नाही. तिसरीचे तसे नाही.

हौसेखातर घर घेऊन हिंडण्याची ब्रिटिश परंपरा सुरू झाली, तेव्हा राखणीचा प्रश्न फार सोपा होता. नौदलातून निवृत्त झालेले डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची कॅरव्हॅन बांधून घेतली आणि इंग्लंडच्या दक्षिणेतून निघून ते स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसपर्यंत गेले. निव्वळ मौजेसाठी बांधलेली ही पहिली कॅरव्हॅन मानली जाते. नोकर तीनचाकी सायकलीवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा करत असे, आणि गाडीत एक काकाकुवा व ‘हरिकेन बॉब’ नावाचा धिप्पाड न्यूफाउंडलंड कुत्रा असे. हालचाल ओळखणारा, खोटा इशारा क्वचितच देणारा आणि चुकून उपाशी राहिलाच तर स्वतःच आठवण करून देणारा राखणदार. आजच्या यंत्राविषयी तक्रार एवढीच, की उपाशी असताना ते बराच काळ गप्प बसते.

हे यंत्र आहे तरी काय? कॅरव्हॅनच्या आत एका कोपऱ्यात, छताजवळ, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खिडकीची एक डबी असते. माणसाच्या अंगातून सतत उष्णतेचे अदृश्य किरण बाहेर पडत असतात. माणूस खोलीत हलला की डबीवर पडणाऱ्या या किरणांत चढउतार होतो आणि तो तिला जाणवतो. ती स्वतः काहीच सोडत नाही, फक्त पाहते. तिची प्लॅस्टिकची खिडकी नीट पाहिली तर तिच्यावर बारीक चौकोन दिसतात. ती फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी केलेल्या भिंगाची धाकटी बहीण. दुसरा भाग कलाचा. उभ्या कॅरव्हॅनच्या चार कोपऱ्यांत फिरवून खाली सोडायचे टेकू असतात. चोराला गाडी जोडायची तर ते टेकू उचलावे लागतात, पुढचे छोटे चाक वरखाली करावे लागते, आणि तेवढ्यात घराचा तोल अंशभर बदलतो. कलाचा सेन्सर तो पकडतो. दारावरचा चुंबकाचा स्विच हा तिसरा. या तिघांपैकी कोणी इशारा दिला की भोंगा शंभर डेसिबलच्या वर आवाज काढू लागतो.

हे सारे चालते बारा व्होल्टवर. कॅरव्हॅनच्या बाजूच्या कप्प्यात एक बॅटरी असते. तिला तिथे ‘लेझर बॅटरी’ म्हणतात. या लेझरचा किरणांशी काही संबंध नाही, तो फुरसतीसाठीचा इंग्रजी शब्द. आतून ती मोटारीच्या बॅटरीहून वेगळी. मोटारीची बॅटरी स्टार्टर मारताना क्षणभर प्रचंड झटका देते आणि लगेच पुन्हा भरली जाते. लेझर बॅटरीने थोडे थोडे, तासन्तास द्यायचे असते. आपल्या घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीशी तिचे नाते जवळचे: जाड पट्ट्या, शिसे आणि गंधकाम्ल. १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने पहिली शिसे-आम्ल बॅटरी बनवली. तेव्हापासून मूळ रसायन तेच आहे आणि त्याची खोडही तीच: रिकामी ठेवलेली बॅटरी खराब होते.

आता हिशेब. सावध अवस्थेतला अलार्म साधारण वीस मिलीअँपिअर प्रवाह खातो असे धरू. वॅटमध्ये ते पाव वॅटच्याही किंचित खाली येते, म्हणजे देवघरातला अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा खातो त्याच्या निम्मे. इतक्याशा भुकेची काळजी कशाला करायची, असेच कोणालाही वाटेल. पण हा दिवा कधी मालवत नाही. वीस मिलीअँपिअरने चोवीस तासांत ०.४८ अँपिअर-तास जातात, महिन्याला साडेचौदाच्या आसपास. बॅटरी शंभर अँपिअर-तासांची असली तरी शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही हा नियम, म्हणजे वापरायला पन्नासच. त्यात बॅटरी नुसती पडून राहिली तरी महिन्याला तीन-चार टक्के स्वतःच गमावते. बेरीज केली की महिन्याला अठरा. ऑक्टोबरच्या मध्यावर पूर्ण भरून ठेवलेली नवी बॅटरी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निम्म्यावर येते.

हे नव्या बॅटरीचे झाले. पाच-सहा वर्षे वापरलेली शंभराची बॅटरी प्रत्यक्षात साठाचीच उरलेली असू शकते. आणि कॅरव्हॅनमध्ये अलार्म एकटा खाणारा नसतो. चोरीनंतर गाडीचा ठावठिकाणा कळवणारा ट्रॅकर असतो, रेडिओची आठवण जपणारा प्रवाह असतो, भिंतीवरच्या पॅनेलमधला आकडा असतो. या सगळ्यांचे मिळून आणखी दहा मिलीअँपिअर धरले, तर महिन्याचा खर्च पंचवीसवर जातो आणि तीस अँपिअर-तासांची शिदोरी पाच आठवड्यांत संपते. नाताळ अजून महिनाभर दूर असतो.

थंडी यात स्वतःची भर घालते. गारठ्यात बॅटरीची देण्याची ताकद कमी होते. पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल ब्रिटनच्या हिवाळ्यात गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत आम्ल इतके पातळ होते की शून्याच्या खाली काही अंशांवरच ते गोठू शकते आणि कवच तडकते. न गोठली तरी शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर चढतात, आणि वसंतात चार्जर लावला की ती भरल्याचे नाटक करते. पहिल्याच रात्री दिवे मंद होतात.

आणि मग होते ती सर्वांत त्रासाची गोष्ट. भोंग्याच्या पोटात स्वतःची एक लहान बॅटरी असते. चोराने मुख्य बॅटरीच्या तारा तोडल्या तर भोंगा मुका होऊ नये म्हणून ही सोय. पण भोंग्याला तार तोडलेली आणि बॅटरी उतरलेली यांतला फरक नेहमीच कळतो असे नाही. व्होल्टेज ठराविक पातळीखाली घसरले की काही अलार्मना तो हल्ला वाटतो, आणि पहाटे तीनला, शून्याखालच्या तापमानात, रिकाम्या आवारात भोंगा बोंब मारायला लागतो. मालक शंभर मैलांवर अंथरुणात. आवाराचा राखणदार कंदील घेऊन येतो, चोर शोधतो, सापडत नाही, शिव्या देत परत जातो. तिसऱ्या खेपेला तो येतच नाही. लांडगा आला रे आलाची गोष्ट इथे फार खरी ठरते: वारंवार विनाकारण वाजणारा अलार्म शेजाऱ्यांना एकच शिकवतो, की त्या कॅरव्हॅनकडे लक्ष द्यायचे नाही. बंद अलार्मपेक्षा हा अलार्म चोराच्या अधिक कामाचा आहे.

बॅटरीला खाऊ घालायचे मार्ग मोजकेच. कॅरव्हॅन अंगणात असेल तर प्रश्नच मिटतो. निळ्या रंगाच्या जाड प्लगमधून घरची २३० व्होल्टची वीज जोडली की आतला चार्जर बॅटरी भरत राहतो. मात्र जुन्या कॅरव्हॅनमधले चार्जर एकाच व्होल्टेजवर अडून बसतात; महिनोन्‌महिने तसेच लावून ठेवले तर बॅटरीतले पाणी उडते. नवे चार्जर टप्प्याटप्प्याने भरतात आणि पोट भरले की नुसते बोट लावून बसतात. आवारात बहुधा ही चैन नसते, कारण अनेक ठिकाणी उभ्या कॅरव्हॅनला विजेची जोडणीच नसते. बरेच मालक मग बॅटरी काढून घरी नेतात, गॅरेजमध्ये चार्जरला लावतात आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात नाताळची खरेदी करतात. बॅटरी सुखरूप राहते, पण अलार्म भोंग्याच्या इवल्याशा सेलवर थोडा काळ जगतो आणि मग मालवतो. ज्यांना हे ठाऊक असते ते दोन बॅटऱ्या बाळगतात. एक घरी भरते, एक आवारात राबते, आणि महिन्या-दीड महिन्याने त्यांची अदलाबदल होते. वीस-पंचवीस किलोचे ओझे चिखलातून नेणे मजेचे काम नाही, पण हा उपाय हमखास आहे.

तिसरा मार्ग छपरावरचा. सौर पॅनेल म्हटले की इंग्लंडच्या आभाळाची चेष्टा सुरू होते, आणि ती पूर्णपणे निराधार नाही. २१ डिसेंबरला लंडनचा दिवस आठ तासांचाही भरत नाही, आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर चढतो. छपरावर आडव्या पडलेल्या पॅनेलला तिथे डिसेंबरात मिळणारे ऊन जूनच्या साधारण दहाव्या हिश्श्याचे. वीस वॅटच्या पॅनेलने अशा दिवसात ०.६ अँपिअर-तासाच्या आसपास दिले तरी पुष्कळ. पण अलार्मची रोजची भूक आठवावी: ०.४८. बॅटरीची स्वतःची गळती धरली तरी पारडे कसेबसे बरोबरीत राहते. साठ-ऐंशी वॅटचे पॅनेल असेल तर चिंता उरत नाही. अर्थात पॅनेलवर बर्फ, शेवाळ, झाडाची पाने नसतील आणि कॅरव्हॅन पत्र्याच्या शेडखाली उभी नसेल तर. कॅरव्हॅनचे पावसापासून रक्षण व्हावे म्हणून शेडचे जादा भाडे भरणारा माणूस तिचा सूर्य विकत घेऊन बंद करतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

नव्या लोकांना लिथियम बॅटरीची भुरळ आहे. ती हलकी असते, स्वतःहून फारशी उतरत नाही आणि जवळजवळ सगळी वापरता येते. पण तिची एक अट आहे. शून्याखालच्या तापमानात ती चार्ज करायची नाही. चांगल्या बॅटरीतले संरक्षक सर्किट अशा वेळी चार्जिंग स्वतःच बंद करते. म्हणजे थंडीच्या लाटेत पॅनेल असूनही नसल्यासारखे.

देखभालीचा बाकी भाग बारीकसारीक आहे, आणि त्यात गमतीही आहेत. खोट्या इशाऱ्यांमागे बॅटरीनंतरचा मोठा गुन्हेगार कोळी. सेन्सरच्या खिडकीवरून चालत गेलेला कोळी डबीला हत्तीएवढा भासतो. शरद ऋतूत ब्रिटिश घरांत कोळ्यांची वर्दळ वाढते, तेव्हा अनेक कॅरव्हॅनवाले हॉर्स चेस्टनटच्या चकचकीत तपकिरी बिया कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवतात. त्यांच्या वासाने कोळी पळतात अशी जुनी समजूत. रसायनशास्त्राच्या तिथल्या रॉयल सोसायटीने आवाहन केल्यावर कॉर्नवॉलमधल्या एका प्राथमिक शाळेच्या मुलांनी हा प्रयोग खरोखर करून पाहिला. कोळी बियांवरून निवांत चालले. तेव्हा बिया शोभेला ठेवायला हरकत नाही, पण सेन्सरची खिडकी मऊ कोरड्या फडक्याने पुसण्याला पर्याय नाही. छताची झडप उघडी राहून हलणारा पडदा, मुलाच्या वाढदिवसाचा विसरलेला फुगा, हेही त्याच टोळीतले.

रिमोटचा सेल हा दुसरा दुर्लक्षित प्राणी. तो बहुधा सीआर२०३२ असतो. त्या आकड्यात त्याचे माप लपले आहे: वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. काही रिमोटमध्ये बोटाच्या पेराएवढा बारा व्होल्टचा सेल असतो. तो मेला की मालकाला स्वतःच्याच घरात शिरताना भोंगा ऐकावा लागतो, तोही समुद्रकाठच्या कॅम्पवर, शेजारी दुपारची झोप घेत असताना. एक जास्तीचा सेल मोटारीच्या कप्प्यात टाकून ठेवणे आणि अलार्म हाताने बंद करण्याचा कोड कॅरव्हॅनबाहेर कुठेतरी लिहून ठेवणे, एवढ्याने हा तमाशा टळतो. कोडचा कागद कॅरव्हॅनच्या आतल्या खणात ठेवणारेही असतात. त्यांच्याविषयी काय बोलावे.

भोंग्याच्या पोटातली बॅटरी काही वर्षांनी थकते, आणि ती थकल्याचे बाहेरून कळत नाही. तिची परीक्षा सोपी आहे. शेजाऱ्यांना आधी सांगून अलार्म लावायचा आणि मुख्य बॅटरीची तार काढायची. भोंगा खणखणीत वाजला तर ठीक. घोगरा आवाज निघाला किंवा शांतता पसरली, तर ती बदलायची वेळ झाली. तारांची टोके हिरवीपांढरी झाली असतील तर घासून, घट्ट आवळून, वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. सैल नटामुळे दोन-चार दशांश व्होल्ट वाटेतच गळतात आणि चांगली बॅटरीही अलार्मला आजारी वाटते.

यात पैशाचाही प्रश्न आहे. अलार्म बसवला म्हणून विम्याच्या हप्त्यात सूट घेतली असेल, तर कॅरव्हॅन सोडून जाताना तो चालू असला पाहिजे अशी अट पॉलिसीत असू शकते. चोरीच्या रात्री तो उपाशी होता, हे विमा कंपनीला समजावून सांगणे अवघड जाते.

महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आपल्याकडच्या गाड्या बहुतेक इंजिनाच्या, आणि शत्रू उलटा: ऊन. तापमान दहा अंशांनी वाढले की शिसे-आम्ल बॅटरीची गळती ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणून नागपूरच्या मे महिन्यात बंद उभी असलेली गाडी यॉर्कशरच्या जानेवारीतल्या गाडीपेक्षा आपली बॅटरी आपणच लवकर संपवते. इन्व्हर्टरमध्ये डिस्टिल्ड वॉटर टाकायला वर्षानुवर्षे विसरणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासाभराने मागे घेतात. तिथे राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांची कॅरव्हॅन आवारात उभी असेल, त्यांनी तो जादा मिळालेला तास तिच्यासाठी ठेवावा. काही तास चार्जिंग बंद ठेवून, शिसे-आम्लाच्या बॅटरीला मल्टिमीटर लावावा. १२.७ व्होल्ट म्हणजे पोट भरलेले, १२.२ म्हणजे निम्मे, बाराच्या खाली म्हणजे काही उरलेले नाही. आकडा १२.४ च्या खाली दिसला, तर बॅटरी त्याच दिवशी काढून गाडीच्या डिकीत टाकावी, आणि तिच्या जागी दुसरी बसवल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नये.